दहावीनंतर सुटलेले गणित: उजळणी नेमकी कुठून सुरू करावी?

प्रश्न नाशिकच्या सिडको भागात राहणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांचे वय एकतीस, शिक्षण कला शाखेचे, आणि दहावीनंतर गणिताशी त्यांचा संबंध आलेला नाही. सध्या त्या सरळसेवा भरतीची तयारी करीत आहेत. तीन महिने त्यांनी झटपट युक्त्यांचे व्हिडिओ पाहिले, सूत्रांची एक वही भरली, तरीही सराव चाचणीत अंकगणिताचे गुण जिथल्या तिथेच आहेत. पाचवी-सहावीच्या पुस्तकांपासून सुरुवात करणे या वयात योग्य ठरेल का, सूत्रे पाठ करण्याला पर्याय आहे का आणि हे सगळे पुन्हा बसायला किती दिवस लागतील, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी नाशिकमध्ये सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे संध्याकाळी, नोकरी व घर सांभाळून परीक्षा देणाऱ्यांचे वर्गही घेतले. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमचे गुण वाढत नाहीत याचे कारण सूत्रे कमी पडतात हे नाही. शाळेत असताना कुठेतरी एक पायरी तुटली आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या तुटलेल्या जागेवरच रचल्या गेल्या, हे आहे. ती जागा बहुतेकांच्या बाबतीत दहावीत सापडत नाही, चौथी ते सातवीच्या दरम्यान सापडते, आणि बहुधा ती दोनपैकी एक असते: एक तर स्थानिक किंमत (अंकाला त्याच्या जागेमुळे मिळणारी किंमत), नाही तर अपूर्णांक. म्हणून पाचवीचे पुस्तक उघडायचे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘जरूर उघडा’ असेच आहे. बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तके तुम्हाला पुरेशी आहेत, आणि प्रौढ माणूस ती ज्या गतीने वाचतो ती मुलाच्या गतीपेक्षा कितीतरी जास्त असते, कारण व्यवहारातले माप, पैसा आणि वेळ यांची समज त्याच्याजवळ आधीच असते.

स्थानिक किमतीची चूक ओळखायला सोपी नसते, कारण लहान संख्यांत ती लपून राहते. ६१८ भागिले ६ हे गणित मी दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी घालतो, आणि वर्गातल्या बऱ्याच वह्यांमध्ये उत्तर १३ आलेले असते. सहा एके सहा झाले, मग एक खाली घेतला, एकाला सहाने भाग जात नाही म्हणून आठही खाली घेतला, अठराला तीनचा भाग गेला आणि उत्तर १३. पायऱ्या सगळ्या केल्या, फक्त मधल्या जागेवर शून्य लिहायचे राहिले. पण ६१८ रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला शंभराहून थोडे जास्तच मिळणार, हे भाजी घेताना ज्याला क्षणात कळते तोच माणूस कागदावर १३ लिहून पुढे जातो, कारण त्याच्या लेखी ते ‘सहाशे’ नसते, नुसता ‘सहा’ हा अंक असतो. इथे युक्ती शिकवून उपयोग नाही. भागाकार करताना ‘सहा शतके सहा जणांत वाटली, प्रत्येकी एक शतक, एक दशक सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य, ते दशक सुटे केले, अठरा एकक झाले, प्रत्येकी तीन’ असे तोंडाने म्हणत आठ-दहा दिवस गणिते केली, तर ही चूक जाते.

मराठीत शिकणाऱ्यांना इथे आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे मोठ्या वयातही लक्ष द्यावे लागते. आपण ५३ लिहिताना आधी पाच लिहितो, पण म्हणताना ‘त्रेपन्न’ म्हणतो, म्हणजे तीन आधी आणि पन्नास नंतर. ५९ ला ‘एकोणसाठ’ म्हणतो; ऐकू ‘साठ’ येते, लिहायचे मात्र पन्नाशीतले असते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा धर्तीचे वाचन दिले तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हा आपला विषय नाही, पण ज्या अडचणीमुळे तो बदल सुचवला गेला ती खरी आहे. तोंडी हिशेबात ५३ चे ३५ होत असतील, तर संख्या मनात दशक-एकक अशी फोडून म्हणण्याची सवय लावा. आपले जुने संख्यावाचन सोडण्याची मुळीच गरज नाही.

वजाबाकीतल्या हातच्याचा सराव करायला मी नाशिककरांना नेहमी आपल्याच भागातल्या एका शिक्षकाची देणगी सुचवतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ या काळात देवळालीच्या शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नसतानाही संख्यांवर त्यांनी जे काम केले ते आज जगभर अभ्यासले जाते. ६१७४ या संख्येचा त्यांनी १९४९ मध्ये शोध लावला आणि ती आता ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणूनच ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक एकसारखे नकोत. समजा ३५२४ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून ५४३२ आणि चढत्या क्रमाने लावून २३४५ करा, आणि मोठीतून लहान वजा करा: ३०८७ येतात. आता पुन्हा ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आणि आले ६१७४. इथून पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या तिथे पोहोचते, आणि पोहोचली नाही तर तुमच्या हातच्यात चूक आहे हे कोणी न सांगता तुम्हाला कळते. उत्तरांची यादी जवळ नसताना स्वतःचे गणित स्वतः तपासण्याची ही फार चांगली सोय आहे. रोज वेगवेगळे दोन आकडे घेऊन पंधरवडाभर हे करा.

आता अपूर्णांकांकडे येतो, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, नफा-तोटा हे तुमच्या परीक्षेतले जवळजवळ सगळे घटक अपूर्णांकांवरच उभे आहेत. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, ही चूक तुम्ही केली असेल किंवा अजून करीत असाल, तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. ती बुद्धीची चूक नसून अर्थ न सांगता शिकवलेल्या रीतीची चूक आहे. मात्र ती तपासायची कशी, हे शिका. दोन पंचमांश म्हणजे एका भाकरीच्या पाच समान भागांतले दोन, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि ती अर्ध्याहून कमी झाली, असे कधी होईल का? बेरीज करण्यासाठी दोन्ही तुकडे एकाच मापाचे हवेत, म्हणून अर्ध्याचे तीन षष्ठांश करायचे, तृतीयांशाचे दोन षष्ठांश करायचे, आणि मग पाच षष्ठांश म्हणायचे. लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) काढतात तो एवढ्यासाठीच: दोन्ही अपूर्णांक ज्यात मोजता येतील असे सामाईक माप शोधण्यासाठी.

खरे तर मराठी माणसाच्या जिभेवर अपूर्णांक लहानपणापासूनच असतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द आपण दिवसभर वापरतो. जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणून घेत असत. दिडकी म्हणजे दीडचा पाढा: एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार, चार दीड सहा. त्या घोकंपट्टीचा सगळाच भाग परत आणावा असे माझे म्हणणे नाही, पण पावकी आणि दिडकी दहापर्यंत पाठ करून पाहा. ‘पाऊण अधिक सव्वा किती?’ याला ‘दोन’ असे तुम्ही चटकन म्हणता, आणि तीन चतुर्थांश अधिक पाच चतुर्थांश दिसले की पेन थांबते. ही दोन्ही गणिते एकच आहेत हे एकदा मनात पक्के झाले की भीती निम्मी होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या संध्याकाळच्या वर्गात पिंपळगावकडचा एक मुलगा यायचा. तो हंगामात द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करीत असे. साडेचार भागिले एक द्वितीयांश हे गणित त्याने सव्वादोन असे सोडवले होते. मी त्याला विचारले, ‘साडेचार किलो माल अर्ध्या अर्ध्या किलोच्या डब्यांत भरला तर किती डबे लागतील?’ मान वर न करता तो म्हणाला, ‘नऊ, सर.’ मग त्याने स्वतःच वहीकडे पाहिले आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. वहीत त्याने साडेचारचे अर्धे केले होते. प्रश्न मात्र साडेचारमध्ये अर्धे किती वेळा बसतात, असा होता. भागाकाराचा हा अर्थ, म्हणजे ‘यात ते किती वेळा बसते’, हाती आला की अपूर्णांकाने भागताना उलटा करून का गुणायचे हेही उलगडते: एका किलोत अर्ध्या किलोचे दोन डबे बसतात, म्हणून साडेचार किलोत साडेचार गुणिले दोन. नियम तोच राहतो, पण आता तो विसरलात तरी पुन्हा उभा करता येतो. सूत्रांना पर्याय आहे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. सूत्रे लागतात, मात्र जे सूत्र तुम्हाला कोऱ्या कागदावर स्वतः उभे करता येत नाही ते परीक्षेच्या घाईत दगा देते.

दशांश अपूर्णांकांवर फार थांबत नाही. ०.४५ आणि ०.५ यांत मोठा कोणता, असे विचारल्यावर ४५ हा ५ पेक्षा मोठा म्हणून पहिला मोठा वाटत असेल, तर ४५ पैसे आणि ५० पैसे आठवा. तसेच ०.३ गुणिले ०.२ म्हणजे दहा भागांतल्या तिनांचे पुन्हा दोन दशांश, म्हणून उत्तर ०.०६; ०.६ नव्हे.

टक्केवारीत एकच प्रश्न सतत विचारायचा: कशाचे टक्के? लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलला २००० रुपये आहे असे धरा. तो २० टक्क्यांनी उतरला आणि पुढच्या आठवड्यात २० टक्क्यांनी चढला, तर पुन्हा २००० होईल असे बहुतेकांना वाटते. पण उतरताना २००० चे २० टक्के, म्हणजे ४०० गेले आणि भाव १६०० झाला. चढताना मात्र १६०० चे २० टक्के, म्हणजे ३२० च आले आणि भाव १९२० वर थांबला. पुन्हा २००० गाठायचे तर १६०० वर ४०० चढायला हवेत, म्हणजे २५ टक्के. नफा-तोट्याच्या गणितांत ‘खरेदीवर’ की ‘विक्रीवर’, सूट देण्याच्या गणितांत ‘छापील किमतीवर’ की नाही, हे शब्द अधोरेखित करण्याची सवय एवढ्यासाठीच लावायची.

सरासरीतही हाच सापळा आहे. नाशिकहून १२० किलोमीटर जाताना ताशी ६० चा वेग आणि येताना ताशी ४० चा, तर सरासरी वेग ५० नाही. जायला दोन तास, यायला तीन, असे एकूण २४० किलोमीटर पाच तासांत झाले, म्हणून ४८. कमी वेगाने आपण जास्त वेळ असतो, त्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकते. त्रैराशिकात, म्हणजे माणसे, दिवस आणि काम यांच्या गणितांत, मांडणीला हात घालण्याआधी ‘माणसे वाढली तर दिवस वाढतील की कमी होतील’ हे एका वाक्यात लिहून काढा. सहा मजूर एक काम दहा दिवसांत करतात, तर चार मजुरांना दहाहून जास्तच दिवस लागणार हे आधी ठरले, की सहा गुणिले दहा, म्हणजे एका मजुराचे साठ दिवसांचे काम चौघांत वाटून पंधरा हे उत्तर सरळ येते.

बीजगणिताबद्दल मला एक मनापासून सांगायचे आहे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य मीही सुरुवातीची अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो, आणि त्याने मुलांचे नुकसान होते हे मला उशिरा उमगले. ३क्ष + ५ = २० हे समीकरण घ्या. पाच पलीकडे नेले, ३क्ष = १५ झाले, इथवर ठीक. मग ‘तीनसुद्धा पलीकडे नेला, चिन्ह बदलले’ असे म्हणून मुले १५ वजा ३, म्हणजे १२ लिहितात. नियम जसा कानावर पडला तसाच त्यांनी वापरलेला असतो. त्याऐवजी तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पिशव्या आणि पाच किलोचे माप, दुसऱ्यात वीस किलो. दोन्हीकडून पाच किलो काढले तर पारडे हलत नाही. तीन पिशव्या पंधरा किलो, म्हणजे एक पिशवी पाच किलो. पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया केली जाते. तसेच बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज असे वाटत असेल, तर १० आणि ३ घेऊन पाहा: १३ चा वर्ग १६९, पण १०० आणि ९ मिळून १०९ च होतात. राहिलेले ६० म्हणजे दहा गुणिले तीनचे दोन आयत, आणि तेच सूत्रातले दुप्पट गुणाकाराचे मधले पद.

क्षेत्रफळासाठी गुंठ्यापेक्षा चांगले उदाहरण नाही. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. बाजू दुप्पट करून ६६ फूट केली तर जमीन दोन गुंठे होत नाही, चार होते. हे एकदा कागदावर आखून पाहा, म्हणजे परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत पुन्हा होणार नाही.

आता दिवसांचा हिशेब. रोज एक तास नियमाने देणार असाल, तर पाच महिने धरा, आणि त्यातले पहिले सहा आठवडे फक्त पूर्ण संख्या आणि अपूर्णांक यांनाच द्या. या काळात घड्याळ लावू नका आणि सराव चाचणीही देऊ नका. वेग हा समजुतीच्या मागून येतो. आधी वेगाच्या मागे लागलेले माझे विद्यार्थी चुकाच अधिक वेगाने करीत. प्रत्येक गणिताआधी उत्तराचा अंदाज समासात लिहा. उत्तर अंदाजाच्या जवळपास नसेल, तर पुढे जाऊ नका.

उजळणीची माझी व्याख्या थोडी कडक आहे. सोडवलेले उदाहरण पुन्हा वाचणे ही उजळणी नव्हे. वाचताना सगळेच ओळखीचे वाटते आणि आपल्याला येते असा भास होतो. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर तेच गणित सुरुवातीपासून मांडता आले तर ते आले असे समजा. आज शिकलेले उद्या, आठ दिवसांनी आणि महिन्याने असे तीनदा मांडा. एकाच प्रकरणाची वीस गणिते सलग सोडवण्याचा फायदा पहिल्या दिवशीच असतो, कारण अकराव्या गणितापासून रीत कोणती हे ठरवावेच लागत नाही. परीक्षेत मात्र ते ठरवणे हेच खरे काम असते. म्हणून तिसऱ्या महिन्यापासून टक्केवारीची तीन, अपूर्णांकांची तीन, गुणोत्तराची तीन अशी गणिते चिठ्ठ्या टाकून मिसळून घ्या. चुकांसाठी वेगळी वही करा आणि तिच्यात बरोबर उत्तर उतरवण्याऐवजी आपण काय समजलो होतो ते एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ, ‘मी विक्रीच्या किमतीवर टक्के काढले’. सूत्रांच्या वहीपेक्षा ही वही तुम्हाला जास्त शिकवील. घरात कोणी शाळकरी मूल असेल तर त्याला रोज एक गणित समजावून सांगा. त्याने ‘पण असं का?’ असे विचारले आणि तुम्ही अडलात, तर दुसऱ्या दिवशीचा अभ्यास तिथूनच सुरू करा.

सुरुवात कुठून करायची हे ठरवण्यासाठी आज रात्री ही सहा गणिते कोऱ्या कागदावर सोडवा: ६०१२ भागिले ६; ७००३ वजा २८५८; दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश; तीन चतुर्थांश भागिले एक अष्टमांश; ४०० रुपयांची साडी १५ टक्के सुटीने घेतल्यास किती पैसे द्यावे लागतील; आणि ३(क्ष − २) = १२ असताना क्ष किती. उत्तरे अनुक्रमे १००२, ४१४५, सतरा द्वादशांश, ६, ३४० रुपये आणि ६. पहिल्या दोहोंपैकी एक जरी चुकले, तर पाचवीच्या पुस्तकातील संख्याज्ञान आणि भागाकार यांपासून सुरुवात करा. ती बरोबर येऊन मधली दोन अडली, तर पाचवी-सहावीतील अपूर्णांकांची प्रकरणे घ्या. फक्त शेवटच्या दोहोंत अडचण असेल, तर सातवीचे पुस्तक उघडा, आणि तुमच्या पाच महिन्यांतला जवळजवळ दीड महिना वाचला असे धरून चाला.